डेन्झिलचा ठिपका

फ्रँकलिन, टास्मानिया
२३ एप्रिल १९९५

मिस बार्तोश,

खोकं मिळालं. बूट, दोन्ही स्वेटर, पुस्तकं, चहाचा मग, सगळं धड आलं. मग फुटू नये म्हणून तू तो डेन्झिलच्याच मोज्यांत गुंडाळला होतास. ते बघून मला आधी हसू आलं. मग काय झालं ते लिहीत नाही.

तुला ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस. सदुसष्टी उलटली माझी, आणि आयुष्यभर सफरचंदांच्या शेडमध्ये पोरींवर ओरडत आले. अहो-जाहो करायला गेले की माझी जीभ अडखळते.

तुमच्या डोंगरावरच्या वेधशाळेतून अंत्यविधीला जी माणसं आली, त्यांत शेवटच्या बाकावर बसलेली, राखाडी कोटातली, चहाला न थांबता निघून गेलेली, ती तूच ना? माझा दीर पर्सी म्हणाला, खोकं पाठवते म्हणाली ती हीच.

आता कामाचं. अपघाताच्या आदल्या रविवारी डेन्झिलचा फोन आला होता. म्हणाला, “आई, मला काहीतरी सापडलंय. तारा नाही आणि ग्रहही नाही. एका ताऱ्याच्या अगदी कुशीत बसलंय. एवढ्यात कुणाला सांगू नकोस.” मी म्हटलं, “मी कुणाला सांगणार? कोंबड्यांना?” आणि बघ, अंत्यविधीनंतर हॉलमध्ये मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले. पास्टर बोलत होते, त्यांना मध्येच तोडलं आणि सांगितलं. आता बाजारात लोक विचारतात, “ग्वेन, ते नक्की काय गं सापडलं होतं त्याला?” तू सांग. शेडमधल्या पोरींना समजावतात तसं सांग.

आणखी एक, सरळच विचारते. तुमचं दोघांचं काही होतं का?

ग्वेनिथ पास्को

*

मेरिन्डा, न्यू साउथ वेल्स
९ मे १९९५

आदरणीय मिसेस पास्को,

हो, राखाडी कोटातली मीच. न भेटता निघाले, माफ करा. मला चहाचा कप हातात धरवला नसता.

शेडमधल्या पोरींना सांगावं तसं सांगायचा प्रयत्न करते. तारा वायूच्या ढगातून जन्मतो. ढग आपल्याच वजनानं आत आत दबत जातो, त्याचं पोट तापतं, आणि वजन पुरेसं असेल तर पोटात आग धरते. ती एकदा धरली की अब्जावधी वर्षं विझत नाही. पण काही गोळे जन्मतात ताऱ्यासारखेच, फक्त वजनाला थोडे कमी पडतात. ते तापतात, पण ती टिकणारी आग काही त्यांच्यात धरत नाही. जन्माच्या वेळची ऊब असते, तेवढीच त्यांची शिदोरी. ती हळूहळू निवत जाते, तिच्यात पुन्हा भर पडत नाही. त्यांना तपकिरी बटू म्हणतात. नाव उगाच पडलंय, जवळून पाहिले तर बहुधा विझत्या निखाऱ्यासारखे काळपट लाल दिसतील. काही एखाद्या ताऱ्याभोवती फिरतात, काही अवकाशात एकटेच वाहत जातात. ते आहेत असं गणित सांगतं. पण इतके मंद, की आजवर खात्रीनं कुणाला दाखवता आलेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी ‘सापडला’ म्हणून जाहीर करतं आणि मग गुपचूप शब्द मागे घेतं.

डेन्झिलला फेब्रुवारीत एका बारक्या लाल ताऱ्याशेजारी एक मंद ठिपका दिसला. तो तपकिरी बटू असू शकतो. असू शकतो, एवढंच. तारे जागच्या जागी दिसले तरी ते सरकत असतात, आणि हा तारा आपल्याला जवळचा म्हणून जरा जास्तच सरकतो. दीड-दोन वर्षांनी पुन्हा फोटो घ्यायचा. ठिपकाही ताऱ्याबरोबर सरकला असेल, तर दोघं एकत्र आहेत. तो होता तिथंच राहिला असेल, तर तो फार फार मागचा एखादा साधा तारा, योगायोगानं एका रेषेत आलेला. रस्त्यानं चाललेल्या माणसाच्या खांद्यामागे लांबचा दिवा दिसावा तसा.

हे काम आता मी करीन. पण तोपर्यंत कृपा करून कुणाला खात्रीनं काही सांगू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आम्ही सहकारी होतो, एका खोलीत काम करायचो. तो फार चांगला माणूस होता.

आपली,
इलोना बार्तोश

*

फ्रँकलिन
२८ मे १९९५

इलोना,

‘फार चांगला माणूस होता.’ असं मी आमच्या बँकेच्या मॅनेजरबद्दल म्हणते.

हे बघ. डेन्झिल दर रविवारी फोन करायचा. तुमच्या इथलं अख्खं गाव मला पाठ आहे. मटण करपवणारा स्वयंपाकी, संचालकांचं ते लंगडं कुत्रं, सूप पिताना आवाज करणारा तो जर्मन. एक तुझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. एकदासुद्धा नाही. एका खोलीत काम करता आणि नाव नाही? मी काय दुधखुळी आहे? लग्न ठरेपर्यंत माझ्या नवऱ्यानं आपल्या आईसमोर माझं नाव घेतलं नव्हतं. पास्को पुरुष असेच. जे मनात असतं ते ओठांवर येत नाही.

नाही सांगायचं तर नको सांगूस. मी आपली तुला सूनबाई म्हणणार. सोबत सफरचंदाच्या जेलीच्या चार बाटल्या पाठवतेय. एक तरी धड पोचेल.

तुझं पत्र पर्सीला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “म्हणजे ग्वेन, पोरगं एवढं शिकलं आणि त्यानं शोधलं काय, तर नापास झालेला तारा!” मी त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून आत नेली. तरी तो शब्द रात्रभर डोक्यात टोचत राहिला.

राख अजून घरातच आहे, शिवणयंत्राशेजारी. पुरायची ती दगड बसेल तेव्हाच, त्याआधी नाही. पाथरवट विचारतोय, काय कोरायचं? मी म्हटलं, थांब, अजून फोटो यायचाय. म्हणाला, “मिसेस पास्को, थांबा की. दगड काही नासत नाही.”

आणि आमच्या खोऱ्याच्या साप्ताहिकात दोन ओळी येऊन गेल्यात. तुझं पत्र यायच्या आधीच मी दिल्या होत्या. झालं ते झालं.

ग्वेन

*

मेरिन्डा
१६ जुलै १९९५

प्रिय ग्वेन,

तीन बाटल्या धड पोचल्या. चौथीनं पोस्टाच्या पिशवीतली सगळी पत्रं एकमेकांना चिकटवली. पोस्टमास्तर माझ्याशी बोलत नाही.

पर्सीकाकांना माझा निरोप सांगा, नापास व्हायला आधी परीक्षा लागते. त्या गोळ्यांची कुणी घेतलीच नव्हती.

डेन्झिलबद्दल काय सांगू? तो टोस्ट गार करूनच खायचा. सकाळी केलेला, दुपारी. कॅमेरा थंड होईपर्यंत तासभर वाट बघावी लागते, तेवढा वेळ तो गात बसायचा, आणि इतकं बेसूर, की तो जर्मन कानांत कापूस घालून यायचा. मला हसू आवरायचं नाही. एकदा हसता हसता माझ्या हातून सगळी नोंद पुसली गेली. तो म्हणाला, “बरं झालं, आता पुन्हा पहिल्यापासून गातो.”

इथं आता हिवाळा. सकाळी घुमटावरचा बर्फ खरवडायचा, मग कामाला लागायचं. त्याचं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही.

माझी आई मी एकवीस वर्षांची असताना गेली. मला पत्रं लिहिणारं कुणी नव्हतं. जेली रोज थोडी थोडी खाते.

तुमची,
इलोना

*

फ्रँकलिन
१० डिसेंबर १९९५

सूनबाई,

रेडिओवर ऐकलं. अमेरिकेतल्या लोकांना सापडला म्हणे. एका ताऱ्याभोवती फिरणारा, अगदी खात्रीचा. मी बटाटे सोलत होते, सुरी तशीच हातात धरून उभी राहिले. म्हणजे आपला गेला का? पहिला यायचा मान गेला का?

शाळेत फळ्याशेजारी डेन्झिलचा फोटो लावलाय, खाली ‘आपल्या खोऱ्याचा शास्त्रज्ञ’. मास्तरीण बाई उद्या विचारतील, मग मी काय सांगू?

आणि तुला विचारायचं राहून गेलं होतं. ते जे एकटेच फिरतात म्हणालीस, ते एकटेच जन्मतात, की कुणी घराबाहेर काढलेले असतात?

नाताळात इकडे ये. खोली रिकामीच आहे.

ग्वेन

*

मेरिन्डा
७ जानेवारी १९९६

प्रिय ग्वेन,

नाताळला येता आलं नाही. सुट्टीत डोंगरावर थांबायला कुणीतरी लागतंच, आणि ज्यांना मुलंबाळं नाहीत त्यांचीच नावं पुढे येतात.

रेडिओवर सांगितलं ते खरं आहे. अमेरिकेतल्यांचा ताऱ्याभोवती फिरणारा आहे, आणि स्पेनच्या बेटांवरच्या लोकांनी ताऱ्यांच्या एका झुबक्यात एक सुटा दाखवलाय. बातमी आली त्या दिवशी इथं सगळ्यांनी बियर उघडली. मीही प्यायले आणि मग त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. पण आपलं काही बुडालेलं नाही. डेन्झिलचा ठिपका खरा निघाला, तर जगात असे अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. मास्तरीण बाईंना सांगा, अजून तपास चालू आहे.

फेब्रुवारीसाठी दुर्बिणीची वेळ मागितली होती, समितीनं दिली नाही. मागणारे फार. नोव्हेंबरमध्ये दोन रात्री मिळाल्यात. दोन वर्षं होत आली असतील तोवर, त्यामुळे जे दिसेल ते स्पष्ट दिसेल.

एकट्यांबद्दल विचारलंत. दोन्ही असावं. काही एकटेच जन्मत असतील, काहींना जन्मल्या जन्मल्या भावंडांच्या ढकलाढकलीत बाहेर फेकलं जात असेल. बघून ओळखता येत नाही.

तुमची,
इलोना

*

फ्रँकलिन
८ डिसेंबर १९९६

सूनबाई,

नोव्हेंबर गेला की गं.

ढग होते का? ढग असले तर तसं लिही, मी रागावणार नाही. की फोटो धुवायला वेळ लागतो? पर्सी म्हणतो आता धुवावे लागत नाहीत, यंत्रावर लगेच दिसतात. त्याला काय कळतंय. त्यानं हल्ली एक दुर्बीण विकत घेतलीय, रोज कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून चंद्र बघतो आणि मला खाली उभं राहून शिडी धरायला लावतो.

पाथरवटाकडे मजकूर देऊन ठेवलाय. ‘डेन्झिल पास्को. अंधारात त्याला एक सोबती सापडला.’ पास्टरना आवडला. तू हो म्हणालीस की तो छिन्नी उचलेल. एवढंच कळव, हो म्हणून.

दोनदा फोन केला. फोनवरची बाई म्हणाली, मिस बार्तोश कामात आहेत.

ग्वेन

*

फ्रँकलिन
१९ जानेवारी १९९७

मिस बार्तोश,

नाताळ गेला, नवं वर्ष आलं, आणि तुझी एक ओळ नाही.

आता मला समजलं. आमच्या पास्टरचा भाचा होबार्टला विद्यापीठात आहे. तो म्हणाला, जो शेवटचा फोटो घेतो त्याचं नाव पुढे लागतं, आणि मेलेल्या माणसाचं नाव गाळायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून गप्प आहेस तर. जेली खाल्लीस, सून म्हणवून घेतलंस, त्याच्या टेबलाशी बसलीस, आणि आता त्याचा घासही काढून घेतलास. दोन वर्षं मी तुला पत्रामागून पत्रं लिहून माझ्या पोराच्या लहानपणच्या गोष्टी पाठवत होते गं. त्याच्या गोवराच्या. त्याच्या पहिल्या सायकलच्या.

तुमच्या संचालकांना मी सगळं लिहून कळवलंय. त्यांच्याकडून काय ते उत्तर येऊ दे.

ग्वेनिथ पास्को

*

मेरिन्डा
११ फेब्रुवारी १९९७

प्रिय ग्वेन,

संचालकांनी तुम्हाला पाठवलेल्या पत्राची प्रत काल माझ्या हातात दिली. ‘सदर निरीक्षणातून कोणताही शोध लागलेला नसल्यामुळे श्रेयाचा प्रश्न उद्भवत नाही.’ ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना वाटलं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मला विचारलं, “तू त्यांना कळवलं होतंस ना?” मी म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “बार्तोश, हे मी त्यांना असं लिहायला नको होतं. पण हे मला लिहावंच लागायला नको होतं.”

बरोबर बोलले. हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, नोव्हेंबरमध्येच.

ढग नव्हते, आकाश काचेसारखं होतं. तारा जिथं असायला हवा तिथं सरकला होता. ठिपका होता तिथंच होता. मी मोजलं, पुन्हा मोजलं. माझ्याच हातून चूक झाली असेल म्हणून त्या जर्मनाला, योर्नला, काय आहे ते न सांगता मोजायला दिलं. तो म्हणाला, “मागचा तारा आहे. का, कुणाचा होता?” मग त्याला आठवलं आणि तो बाहेर गेला. ग्वेन, ते दोघं एकत्र नाहीत, कधीच नव्हते. तो तपकिरी बटू नाही, खूप लांबचा एक साधा तारा आहे. डेन्झिलनं चूक केली नाही. त्यानं ‘असू शकतो’ म्हटलं होतं, आणि हा फोटो त्यानं घेतला असता तर त्यानंच सगळ्यांच्या आधी तो खोडला असता. असे ठिपके आम्ही सगळ्यांनीच खोडलेत. त्याचा खोडायला तो नव्हता, एवढाच फरक.

मग मी गप्प का बसले? रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचे. ‘प्रिय ग्वेन’ लिहिलं की शिवणयंत्राशेजारची ती राख आठवायची, आणि तुम्ही निवडलेले ते शब्द. मला वाटलं, आणखी एक आठवडा तुम्हाला तो ठिपका असू दे. मग आणखी एक. तुमचं रागाचं पत्र आलं तेव्हा तर सुटल्यासारखं वाटलं. मी चोर आहे असं तुम्हाला वाटत होतं, म्हणजे तुमच्या लेखी ठिपका अजून खरा होता.

आता दुसरंही सांगून टाकते. मी तुमची सून नव्हते, ग्वेन. आमच्यात काहीही नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी खरं तेच लिहिलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही, आणि मीही पुन्हा नाही म्हटलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, लगेच म्हटलं असतं. पण त्यानं विचारलं नाही, आणि विचारणार होता असंही मला कधी दिसलं नाही. त्यानं तुमच्यापाशी माझं नाव काढलं नाही, कारण काढण्यासारखं काही नव्हतंच. तुमच्या पत्रांत मात्र मी त्याची कुणीतरी होते. ते मला सोडवलं नाही.

इलोना

*

फ्रँकलिन
९ मार्च १९९७

इलोना,

ईस्टरनंतरच्या मंगळवारी तुमच्याकडे येतेय. सिडनीपर्यंत विमान, पुढे बस. पर्सीचा नातू तिकिटं काढतोय. स्टँडवर ये. मला बाकी काही नको, दोन गोष्टी बघायच्यात. ती जागा, आणि तो फोटो.

ग्वेनिथ

*

मेरिन्डा
४ मे १९९७

प्रिय ग्वेन,

तुम्ही नीट पोचलात हे पर्सीकाकांनी फोनवर कळवलं. तुम्ही बोलायला आला नाहीत, ते मी समजले.

तुम्ही गेल्यापासून ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वळणावर तुम्ही गाडीतून उतरलात आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, तुम्हाला धरावं लागेल. तुम्ही एवढंच विचारलंत, “इथंच?”

मी म्हटलं, “हो. पहाटेचा घरी निघाला होता. कांगारू मध्ये आलं.”

“मेलं का ते?”

“नाही. पळून गेलं. टायरच्या खुणांवरून पोलिस म्हणाले, यानं त्याला चुकवलं.”

“चुकवणारच,” तुम्ही म्हणालात. “त्याला साधी कोंबडी कापता यायची नाही.” आणि मग किती वेळ खालच्या झाडीत बघत राहिलात.

नंतर खोलीत पडद्यावर फोटो काढून दाखवला. तुम्ही चष्मा पुसलात, ठिपक्यावर बोट टेकवलंत. “हा?”

“हाच.”

“खूप लांब आहे म्हणालीस.”

“खूप. आपल्या त्या लाल ताऱ्याच्या कितीतरी पट.”

“पण पेटलेला आहे ना?”

“हो. पेटलेला आहे. साधा, धडधाकट तारा आहे.”

तुम्ही हसलात. इतक्या मोठ्यानं, की योर्न दारातून डोकावला. “पर्सीला सांगते, पास झालाय म्हणून.” मीही हसले. दोघींना थांबता येईना, आणि मग कुणाचं हसणं कधी थांबलं आणि कुणाचं रडणं कधी सुरू झालं, मला आठवत नाही. तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवत होता. खरं तर मी तुमच्या पाठीवर फिरवायला हवा होता.

त्या रात्री माझ्याकडे जेवताना तुम्ही म्हणालात, बागेत तोडणीला माणसं मिळत नाहीत. मी विचार केलाय. पुढच्या मार्चमध्ये मला महिनाभर रजा मिळते. मी येईन. तोडणी मला येत नाही, पण शिकेन. तुम्ही ओरडा. आणि त्याआधी हिवाळ्यात छाटणीला म्हणालात तरी येईन.

इथं आता नवीन काम लागलंय. अख्खं आकाश पुन्हा एकदा तपासायचं, यावेळी एकट्यांसाठी. कुणाच्या कुशीत नसलेले, आपले आपण निवत चाललेले. असे पुष्कळ असणार, आपल्या अगदी शेजारीही असतील. सापडले की लिहीन.

तुमची,
इलोना

*

फ्रँकलिन
२२ जून १९९७

प्रिय इलोना,

गेल्या रविवारी राख पुरली. दगड बसवला. नाव आणि जन्म-मृत्यूची सालं, एवढंच. पाथरवट म्हणाला, “मिसेस पास्को, जागा बरीच रिकामी राहते.” मी म्हटलं, राहू दे.

तू मार्चमध्ये येते म्हणालीस. येऊ नकोस.

रागानं नाही लिहीत. राग तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं त्या दिवशीच गेला. तो पुरा एक दिवससुद्धा टिकला नाही, मला वाटलं होतं जास्त टिकेल. तू सून नव्हतीस, ठीक आहे. असतीस तर माझ्या पोराचं कल्याण झालं असतं. तो गाढव होता, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं.

पण माझं काय होतं ते ऐक. तुझं पाकीट येतं, त्यावर वेधशाळेचा तो निळा शिक्का असतो. डेन्झिल पाठवायचा त्या पाकिटांवरही तोच असायचा. आमचा पोस्टमन फाटकाशी आला आणि हातात निळा शिक्का दिसला, की डोकं काही म्हणो, माझे पाय धावायला लागतात. पायरी उतरून फाटकापर्यंत जाते तेवढा वेळ तो असतो. मग तुझं अक्षर दिसतं, आणि तो परत मरतो. दोन वर्षं हे चाललंय. मी मनाला सांगत होते, फोटोची वाट बघतेय. फोटो आला, आणि पाय अजून तसेच धावतात. म्हणजे वाट फोटोची नव्हतीच.

तुझ्याकडे तीन दिवस राहिले. तू त्याच्यासारखा टोस्ट गार करून खातेस. तुला ते माहीतही नसेल. गाडी चालवताना तू त्याचं ते बेसूर गाणं गुणगुणत होतीस. मी खिडकीबाहेर बघत बसले. पोरी, तुझ्यात तो इतका उरलाय, की तू माझ्या स्वयंपाकघरात फिरायला लागलीस तर मी त्याच्यासाठी ताट मांडायला लागेन. मग माझं काही खरं नाही. तुझंही नाही. तू चौतीस-पस्तिशीची आहेस आणि एका मेलेल्या मुलाच्या आईकडे रजा काढून सफरचंदं तोडायला यायचं म्हणतेस. जरा विचार कर.

मला तो आता मेलेला हवाय, इलोना. पूर्ण. त्याशिवाय मला त्याच्यासाठी धड रडताही येत नाही.

तू भली मुलगी आहेस. अंगात ऊब असलेलं माणूस शोध, आणि त्याला सरळ विचार, तो विचारायची वाट बघत बसू नकोस. तुला तुझे ते एकटे सापडोत. सापडले तर रेडिओवर सांगतीलच, मी ऐकेन.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर मी धावत जाऊन घेईन, म्हणून पाठवू नकोस.

ग्वेन